रात्रपाळीची वही
वृद्धाश्रमाची सुरक्षितता आणि कारभार : सभासदांनी ध्यानात ठेवावे असे काही

गळीत हंगाम सुरू झाला की आपला कारखाना रात्रंदिवस चालतो. पहाटे चारला पाळी बदलते. त्या वेळी बॉयलरवरचा किंवा पॅनवरचा माणूस पुढचा गडी येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडत नाही. दाब किती, पाणी किती, कुठला पंप गरम होतोय, हे तो वहीत लिहितो, सही करतो, तोंडानेही सांगतो आणि मगच घरची वाट धरतो. थंडी असो, पाऊस असो, घरी पाहुणे आलेले असोत, ह्या शिरस्त्यात खंड पडत नाही. एका माणसाची डुलकी दहा जणांना भाजून काढते, हे आपल्या कामगारांना कुणी शिकवावे लागत नाही.

आज मात्र मी कारखान्याविषयी लिहायला बसलेलो नाही. वृद्धाश्रमाविषयी लिहिणार आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की माणसे मान खाली घालतात. "आई-बापाला आश्रमात ठेवलं" हे वाक्य चावडीवर अजून शिवीसारखेच वापरले जाते. पण खरी परिस्थिती काय आहे? पोरे पुण्या-मुंबईला, कुणी परदेशी. लेकी सासरी. वाड्यात म्हातारा-म्हातारी दोघेच, आणि त्यातले एक गेले की उरलेले एकटेच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे १० कोटी ३८ लाख होती. तेव्हापासून हा आकडा वाढतच गेला आहे. तेव्हा आश्रमात ठेवावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. ठेवलेले माणूस तिथे रात्री सुखरूप असते का, हा मात्र आपल्या सर्वांचा प्रश्न आहे.

आत्याची रात्र

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आत्या तालुक्याच्या गावी एका वृद्धाश्रमात होती. तिचा एकुलता मुलगा परराज्यात नोकरीला. आश्रम चांगला होता, हे आधीच सांगतो. चालवणारी माणसे देवभोळी, पदरचे घालणारी. अंगणात तुळशीवृंदावन, संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. मी बाजाराच्या दिवशी आत्याला भेटून यायचो आणि निर्धास्त मनाने घरी परतायचो.

एका बुधवारी सकाळी आश्रमातून फोन आला. आत्या रात्री लघवीला उठली आणि मोरीत पाय घसरून पडली. बाथरूमचा बल्ब गेलेला होता. फरशी चकचकीत, नवीन घातलेली. धरायला भिंतीला काही नाही. दार आतल्या बाजूला उघडणारे, आणि आत्या पडली ती नेमकी दाराला टेकून. सकाळी दूध द्यायला मावशी आल्या तेव्हा आतून कण्हण्याचा आवाज आला. दार लोटता येईना. शेवटी बिजागऱ्या काढाव्या लागल्या.

दवाखान्यात कळले की खुब्याचे हाड मोडले आहे. ऑपरेशन झाले. दोन दिवसांनी मी आश्रमात तिचे कपडे आणायला गेलो. टेबलावर रात्रीची नोंदवही पडली होती. सहज उघडली. त्या रात्रीच्या तारखेपुढे सुवाच्य अक्षरात लिहिले होते : "सर्व ठीक." खाली सही. मी व्यवस्थापकांना विचारले, "अहो दादा, हे कधी लिहिलं?" ते भला माणूस, खोटे बोलले नाहीत. म्हणाले, "मावशी संध्याकाळी घरी जाताना लिहून जातात. रात्री इथं गेटवर एक वॉचमनच असतो."

रात्र सुरू व्हायच्या आधीच रात्रीचा अहवाल लिहून झालेला होता! आपल्या कारखान्यात कुणी पाळी सुरू होण्याआधी बॉयलरचा दाब लिहून ठेवला, तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेऊ का?

"आपण गरीब आहोत हो"

हा प्रकार मी आपल्याच कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका पाळीप्रमुखांच्या कानावर घातला. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा म्हणाले, "रागावू नगंस. भांडून उपयोग न्हाई. विश्वस्तांकडं जाऊ, बसू, बोलू." गेलो. विश्वस्त मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले. त्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "तुमचं पटतं. पण आपण गरीब आहोत हो. हे परदेशात जमतं. त्यांच्याकडे पैसा आहे, यंत्रं आहेत."

हे उत्तर आपल्याला सर्वत्र ऐकू येते. म्हणून परदेशातलीच एक हकीकत इथे देतो. ती सगळी चौकशीत नोंदली गेलेली आहे.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराजवळ उडिंगस्टन नावाचे गाव आहे. तिथे रोझपार्क नावाचे वृद्धांचे निवासगृह होते. पक्की इमारत, आगीची सूचना देणारी घंटा, सगळे होते. ३१ जानेवारी २००४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास तिथल्या एका कपाटात आग लागली. त्या कपाटात विजेचा वाटप-बोर्ड होता आणि शेजारी सामानही ठेवलेले होते. केबल जिथे पत्र्याच्या भोकातून बोर्डात शिरते, तिथे रबरी कडे बसवलेले नव्हते. पत्र्याच्या धारेने केबलचे आवरण खाल्ले आणि ठिणगी पडली. त्या रबरी कड्याची किंमत आपल्या वायरमनला विचारा. तो हसेल.

घंटा वाजली. पण घंटेच्या फलकावर जे दिसले त्याचा अर्थ रात्रपाळीच्या माणसांना नीट लागला नाही. आग कुठल्या भागात आहे ते शोधण्यात वेळ गेला. घंटा वाजल्यापासून अग्निशमन दलाला फोन जाईपर्यंत नऊ मिनिटे गेली. रात्रपाळीच्या लोकांकडून अशा प्रसंगाची नीट तालीम करून घेतलेली नव्हती. खोल्यांची दारे उघडी होती, त्यामुळे धूर बोळातून थेट अंथरुणांपर्यंत गेला. चौदा वृद्धांचा प्राण गेला.

पुढे न्यायालयीन चौकशी झाली. तिचा निर्णय २०११ साली आला. साध्या, आवाक्यातल्या खबरदाऱ्या घेतल्या असत्या तर काही किंवा सगळेच मृत्यू टळू शकले असते, आणि तिथली आगीपासून बचावाची व्यवस्थाच सदोष होती, असा त्याचा आशय होता. मालकांवर खटला भरण्याचे प्रयत्न झाले. पण त्यांची भागीदारी संस्था विसर्जित झालेली असल्याने कायद्यात पळवाट निघाली. ती बुजवण्यासाठी २०१३ साली वेगळा कायदा करावा लागला. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण तिकडेही लागू पडते म्हणायची!

आता आपल्या देशातले उदाहरण. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे प्रसिद्ध दर्गा आहे. मनाच्या आजाराने पिडलेल्या माणसांना नातेवाईक तिथे बरे करण्यासाठी आणत, आणि आसपास अशा रुग्णांना ठेवून घेणारी खाजगी घरे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यातल्या एका घराच्या झावळ्यांच्या शेडला आग लागली. आतली माणसे साखळदंडाने बांधलेली होती. पळायचे कुठे? अठ्ठावीस जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, ती घरे बंद झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आहे.

एकीकडे पैसा होता, घंटा होती. दुसरीकडे झावळ्या आणि साखळ्या. दोन्हीकडे वेळ पहाटेचीच आणि चूकही एकच. रात्री कुणी काय करायचे, ते ठरलेले नव्हते, आणि ठरल्याप्रमाणे होते की नाही हे तपासणारा कुणी नव्हता. विश्वस्तांना हे सांगितल्यावर ते वयस्क गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सांगा, काय करायचं ते."

आबांनी घातलेली घडी

पहिले काम आबांनी वहीचे केले. "दर दोन तासांनी फेरी. फेरी झाल्यावरच लिहायचं. वेळ टाकायची. 'सर्व ठीक' हे दोन शब्द बंद!" वहीत खोलीचा क्रमांक, कोण जागे, कोण झोपलेले, कुणाला खोकला, कुणी पाणी मागितले, असे लिहायचे. जो माणूस अंथरुणाला खिळला आहे त्याची कूस बदलली का, तेही लिहायचे. एकाच कुशीवर माणूस पडून राहिला तर पाठीला जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. सकाळची मावशी आल्यावर रात्रीच्या मावशीने वही वाचून दाखवायची, दोघींनी सही करायची. थोडक्यात, पाळीचा चार्ज देणे-घेणे.

दुसरे काम मोरीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरतात, आणि त्यात साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. त्यामुळे मोरी ही आश्रमातली सर्वांत धोक्याची जागा समजावी. चकचकीत फरशी काढून खडबडीत घातली. संडासाशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत बोल्टने पक्की दांडी बसवली. टॉवेलची दांडी चालत नाही, माणसाच्या वजनाने ती उपटून हातात येते. दार बाहेर उघडणारे केले आणि आतली कडी बाहेरूनही निघेल अशी केली. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर छोटा दिवा. उंबरे काढून टाकले. अंथरुणाजवळ बेल. बेल वाजते का, हे रोज संध्याकाळी वाजवून पाहायचे.

तिसरे काम विजेचे आणि आगीचे. वायरमन आणून सगळे बोर्ड उघडले. उघडल्यावर काय दिसले ते लिहीत नाही, आपल्या घरचा बोर्ड उघडून पाहा म्हणजे कळेल. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तुटतो. बोर्डाखालची रद्दी आणि गाद्या हलवल्या. गॅसची सिलिंडरे स्वयंपाकघराबाहेर जाळीच्या खोलीत, उभी ठेवली. आग विझवायची नळकांडी आधीही होती, पण काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे कुणी पाहत नव्हते. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे त्यांच्या मालकाने ही साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते.

मग आबांनी तालीम घेतली, तीही रात्री. पहिल्या खेपेला मागच्या दाराच्या कुलपाची किल्लीच सापडली नाही! ती व्यवस्थापकांच्या घरी होती. त्या दिवसापासून मागचे दार आतून हाताने उघडेल असे केले. ज्यांना चालता येत नाही त्यांना चादरीवर घेऊन जमिनीवरून ओढत कसे न्यायचे, हे मावशींना शिकवले. अशी माणसे सगळी तळमजल्यावर आणली. आणि फोनजवळ मोठ्या अक्षरात पाटी लावली : आग १०१, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२. घंटा वाजली की आधी फोन, मग शोधाशोध.

चौथे काम औषधाचे. पूर्वी सगळ्यांच्या गोळ्या एकाच कपाटात असत आणि मावशी रंगावरून ओळखत. गोळीचा रंग कंपनीगणिक बदलतो! आता प्रत्येकाची वेगळी डबी, वर नाव आणि फोटो. डॉक्टरांची चिठ्ठी डबीतच. गोळी गिळल्यावर खूण करायची, हातात दिल्यावर नाही.

पाचवे काम मानाचे. हे सर्वांत अवघड. एक आजोबा विसराळू झालेले, रात्री उठून बाहेर चालू लागत. त्यांना बाहेरून कडी घालत असत. हेतू वाईट नव्हता. पण आग लागली तर? एरवाडीची साखळी आणि ही कडी यांत फरक किती? कडी काढली. त्यांची खोली रात्रीच्या मावशीच्या बसायच्या जागेसमोर घेतली, दाराला घुंगरू बांधले. आजोबा उठले की घुंगरू वाजते. मावशी म्हणतात, "चला आजोबा, चहा घेऊ," आणि फिरवून परत आणतात.

पगार कुठून आणायचा?

हे सगळे करायला रात्रीच्या दोन मावशी हव्यात. पगार कुठून आणायचा? इथे आपल्या दानधर्माबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपण आश्रमाला काय देतो? वडिलांच्या पुण्यतिथीला जेवण. पोराच्या वाढदिवसाला जिलेबी. हिवाळ्यात ब्लँकेटे, त्याचा फोटो. आश्रमात ब्लँकेटांची थप्पी छताला लागलेली असते आणि मोरीत बल्ब नसतो. रात्रपाळीच्या मावशीच्या पगारासाठी आजवर कुणी पावती फाडल्याचे ऐकिवात नव्हते.

विश्वस्तांनी फलक लावला : "एका रात्रीचा पहारा द्या." एका रात्रीचा पगार किती, तो आकडा खाली लिहिला. आता लोक पुण्यतिथीला जेवणाऐवजी रात्र देतात. जेवण देणारेही आहेत, त्यांना नाही म्हणत नाही. पण महिन्याच्या बहुतेक रात्रींना आज देणगीदार आहे. जमाखर्च दर तिमाहीला दारात लावतात. आपण सभासद जसे वार्षिक सभेत अहवाल हातात घेऊन प्रश्न विचारतो, तसे विचारायला आश्रमातल्या माणसांची आणि नातेवाइकांची एक बैठक महिन्यातून एकदा होते. तक्रारीची पेटी आहे आणि तिची किल्ली व्यवस्थापकांकडे नाही, हे विशेष.

कायदाही आपल्या बाजूने आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या १९ व्या कलमात गरजू ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य शासनाने उभारावा, आणि आश्रमांच्या कारभारासाठी दर्जाचे निकष ठरवावेत, अशी तरतूद आहे. ज्येष्ठांना मदत आणि सल्ला हवा असेल तर १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो भिंतीवर लावून ठेवावा.

जाण्यापूर्वी हे विचारा

कुणी आपल्या माणसाला आश्रमात ठेवणार असेल, किंवा देणगी देणार असेल, तर खालील गोष्टी जरूर पाहाव्यात.

१. रात्री दोन वाजता इथे जागे कोण असते? किती जण?
२. काल रात्रीची वही दाखवा. वेळा टाकल्या आहेत का?
३. मोरीत दांडी आहे का? हाताने ओढून पाहा.
४. मोरीचे दार कुठल्या बाजूला उघडते?
५. मागच्या दाराची किल्ली कुठे आहे?
६. आगीची तालीम शेवटची कधी झाली? रात्री झाली का?
७. विजेच्या बोर्डाखाली काय ठेवले आहे?
८. औषधाच्या डब्या वेगळ्या आहेत का?
९. कुणाच्या खोलीला बाहेरून कडी आहे का?
१०. मागच्या वर्षाचा हिशेब तपासून घेतलेला आहे का?

हे विचारताना आवाज चढवू नये. ज्यांना ही सेवा करावी लागते त्यांचे हात दुखतात, पाठ मोडते. त्यांना पोलिसासारखे विचारले तर वही आणखी सुंदर अक्षरात आदल्या दिवशीच भरली जाईल. शक्य असेल तर विचारायला रिकाम्या हाताने जाऊ नये. एक बल्ब घेऊन जावा.

आत्या पुन्हा चालली नाही. हाड सांधले, पण हिंमत मोडली ती मोडलीच. त्याच आश्रमात ती पुढे दोन वर्षे राहिली. मुलगा घरी न्यायला आला होता, पण तिनेच नको म्हटले. शेवटच्या पावसाळ्यात मी भेटायला गेलो तेव्हा कुरकुर करत होती. "ह्या पोरी रात्री दोनदा-तीनदा येत्यात बग. तोंडावर बॅटरीचा उजेड मारत्यात. झोपमोड होती."

मी म्हणालो, "आत्या, सांगू का त्यांना, येऊ नका म्हणून?"

"नगं," ती म्हणाली. "येऊ दे. कुणीतरी बगतंय एवढं कळतं."

दिवाळीनंतर ती गेली, पहाटे. मी आश्रमात पोहोचल्यावर सवयीने वही उघडली. शेवटच्या फेरीपुढे वेळ होती आणि लिहिले होते : "आजींनी पाणी मागितले. दिले. हात धरून बसले." खाली रात्रीच्या मावशीची सही होती, थोडी वेडीवाकडी.

सभासद बंधू-भगिनींनो, पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा जवळच्या आश्रमात एक चक्कर टाका. आपले कुणी तिथे असो वा नसो. रात्रीची वही मागा आणि कालचे पान वाचा.